शिक्का झाकून वाचा: नेत्यांच्या दाव्यांवरचे फॅक्ट-चेक कसे तपासावेत

नेत्याच्या वाक्यावर ‘खोटं’ असा लाल शिक्का मारलेलं चित्र ग्रुपवर पडलं, की वाद दोनच वाटांनी जातो. एक जण म्हणतो, ‘बघा, फॅक्ट-चेकमध्येच आलंय.’ दुसरा म्हणतो, ‘ते सगळे विकले गेलेत.’ आतला मजकूर दोघांनीही उघडलेला नसतो. पुढची रीत त्या मजकुरासाठी आहे. फॅक्ट-चेक भक्कम आहे की पोकळ, हे साधारण अर्ध्या तासात ओळखता येतं. आणि ज्या दाव्यांना कुणी फॅक्ट-चेकर हातच लावत नाही, ते त्याच रीतीने घरबसल्या तपासता येतात. उदाहरणं सोलापूरची घेतली आहेत, कारण उजनी, कांदा, घरकुलं आणि विमानतळ एवढ्या चार विषयांत आकड्यांचे जवळजवळ सगळे खेळ सापडतात.

शिक्क्याला किती किंमत द्यायची

‘अर्धसत्य’, ‘दिशाभूल करणारं’, ‘संदर्भ सोडून’ या पायऱ्या प्रत्येक संस्था आपापल्या ठरवते. अमेरिकेतल्या पॉलिटिफॅक्ट या फॅक्ट-चेक संस्थेकडे सहा पायऱ्या आहेत. वॉशिंग्टन पोस्टचं फॅक्ट-चेकर हे सदर एक ते चार ‘पिनोकिओ’ देत आलं, जितके जास्त तितकं वाक्य खोटं. या दोघांची तुलना करणारा एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. सरळ खरं किंवा सरळ खोटं असेल तिथे दोघांचं चांगलं जुळलं, मधल्या संदिग्ध पट्ट्यात मात्र फारसं जुळलं नाही. उलट 2023 च्या एका अभ्यासात स्नोप्स (ही दुसरी अमेरिकी फॅक्ट-चेक संस्था) आणि पॉलिटिफॅक्ट यांनी तपासलेले 749 सारखे दावे समोरासमोर ठेवले, तर पायऱ्यांमधला किरकोळ फरक सोडल्यावर खरा विरोधी निकाल एकच निघाला.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की व्यवहारातला नियम मिळतो. फोटो जुना आहे, शासन निर्णय बनावट आहे, व्हिडिओ दुसऱ्या राज्यातला आहे, असा निकाल असेल तर त्यावर विसंबायला हरकत नाही. मधल्या पायरीचा शिक्का असेल तर तो लिहिणाऱ्याचं मत समजा आणि खालचा पुरावा स्वतः बघा.

नेत्यांच्या खोट्यांची एकूण बेरीजही जपून वापरा. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले 30,573 खोटे किंवा दिशाभूल करणारे दावे वॉशिंग्टन पोस्टने नोंदवले. त्यात तेच वाक्य पुन्हा उच्चारलं की पुन्हा मोजलं होतं. शिवाय कोणाचं कोणतं वाक्य तपासायला घ्यायचं हे फॅक्ट-चेकरच ठरवतो, त्यामुळे ‘त्याचे वीस, याचे आठ’ यावरून कोण जास्त खोटं बोलतो ते सिद्ध होत नाही. हा मुद्दा दोन्ही बाजूंचे समर्थक सोयीप्रमाणे विसरतात.

मूळ वाक्य हातात घ्या

पहिली पायरी म्हणजे नेत्याचं पूर्ण वाक्य, तारीख आणि जागा. होम मैदानावरची मोठी सभा असो की कोपरा सभा, चित्रफीत बहुतेक वेळा यूट्यूबवर किंवा पक्षाच्या पानावर असते. वादग्रस्त वाक्याच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन मिनिटं ऐका. फॅक्ट-चेकमध्ये मूळ चित्रफितीचा दुवा आणि मिनिट दिलेलं नसेल, तर तिथेच एक गुण कापा.

सोलापुरात एक जादा अडचण आहे. पूर्व भागातलं भाषण तेलुगूत होतं, अक्कलकोटकडे कन्नड येतं, दिल्लीचे नेते हिंदीत बोलतात आणि बातमी मराठीत छापून येते. ‘करणार आहोत’चं ‘केलं’ व्हायला एवढा प्रवास पुरेसा असतो. म्हणून अवतरणचिन्हातलं मराठी वाक्य हे नेत्याचं की वार्ताहराचं, ते आधी ठरवा.

मग फॅक्ट-चेकरने तपासलेलं वाक्य शेजारी ठेवून बघा. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. नेता म्हणतो ‘बहुतेक गावांत’, तपासणारा धरतो ‘सर्व गावांत’ आणि एक सुटलेलं गाव दाखवून मोकळा होतो. कधी एका वाक्यातल्या तीन दाव्यांपैकी सर्वांत कच्चा निवडून शिक्का तिन्हींवर मारला जातो. ‘पुरावा मिळाला नाही’ हे मजकुरात आणि ‘खोटं’ हे मथळ्यात, असंही दिसतं. या दोन गोष्टी एक नाहीत.

टक्का कशाचा, ते विचारा

उजनीचा टक्का हा यासाठी उत्तम धडा. धरणाची एकूण साठवण 117 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. त्यातला सुमारे 63.66 टीएमसी मृतसाठा, म्हणजे टक्क्यात न धरलं जाणारं तळाचं पाणी, आणि 53.57 टीएमसी उपयुक्त साठा. आपण रोज ऐकतो तो टक्का उपयुक्त साठ्याचा असतो. म्हणूनच उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये जातं आणि चांगल्या पावसात 111 टक्क्यांपर्यंत चढतं.

आता हिशेब करा. धरणात एकूण 90 टीएमसी पाणी आहे असं धरू. त्यातून 63.66 वजा केले की 26.34 उरतात. त्यांना 53.57 ने भागलं की टक्का येतो 49. तेच 90 टीएमसी एकूण क्षमतेशी मोजलं तर टक्का होतो 77. सत्ताधारी म्हणतील धरण पाऊण भरलंय, विरोधक म्हणतील निम्मंही नाही, आणि पाणी तेवढंच. एकूण साठा 55 टीएमसीवर आला की पहिल्या रीतीने उणे 16 टक्के, दुसऱ्या रीतीने 47. दोन्ही आकडे बरोबर आहेत. फॅक्ट-चेकने छेद कोणता धरला हे लिहिलं नसेल, तर त्याचा ‘खरं’ किंवा ‘खोटं’ दोन्ही निरुपयोगी.

याच चाळणीतून दरडोई आकडेही काढा. सोलापूर शहराची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या साडेनऊ लाख. उजनीवरून शहराला येणाऱ्या 170 एमएलडीच्या (रोज 17 कोटी लिटरच्या) समांतर जलवाहिनीचा आकडा तिने भागला तर माणशी 179 लिटर येतात. ऐकायला झकास. पण ती वाहिनीची क्षमता झाली. प्रत्यक्ष उपसा किती, शुद्धीकरण केंद्र किती पेलतं, टाक्या किती भरतात आणि वाटेत गळती किती, हे सगळं त्या भागाकाराच्या बाहेर राहतं. लोकसंख्याही जुनी. नळाला पाणी किती दिवसांआड येतं हा दावा वेगळा आहे आणि त्याचा पुरावा महापालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकात शोधायचा असतो, क्षमतेच्या आकड्यात नाही.

एक उदाहरण आणि सगळा बाजार

बाजार समितीच्या दरपत्रकात कांद्यापुढे चार रकाने असतात: आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर, हे दर क्विंटलमागे. कमाल दर उचलला की ‘शेतकऱ्याला सोन्याचा भाव’, किमान दर उचलला की ‘शेतकरी देशोधडीला’. कमाल दर कधी कधी मोजक्या पोत्यांनाच मिळालेला असतो. किमान दर बहुधा भिजलेल्या किंवा चिंगळी, म्हणजे बारीक, मालाचा असतो. तपासायचा तो सर्वसाधारण दर, आणि तोही आवकेसोबत, एका दिवसाचा नव्हे तर निदान महिन्याभराचा. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर जुन्या तारखांचे दर बघता येतात.

फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हातात सोलापूर बाजारात विकलेल्या 512 किलो कांद्याचे, हमाली-तोलाई-वाहतूक वजा जाता, दोन रुपयांचा धनादेश आला. घटना खरी होती. ‘त्या महिन्यात कांद्याचे दर कोसळले होते’ हा दावा त्या एका पट्टीवरून (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवरून) सिद्ध होत नाही, दरपत्रकावरून होतो. आणि ‘ती एक अपवादात्मक पट्टी होती’ एवढं म्हणून दर कोसळल्याचा दावा खोटाही ठरत नाही. फॅक्ट-चेक वाचताना बघा की त्याने घटना तपासली की सर्वसाधारण दावा. घटना खरी निघाली म्हणून दाव्याला ‘खरं’ म्हटलं असेल, तर अर्धं काम झालेलंच नाही.

‘निधी आणला’ म्हणजे कुठवर आणला

जिल्ह्यातल्या राजकीय दाव्यांत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाक्य हेच असावं. आणि फॅक्ट-चेकर यात सगळ्यात कमी पडतात, कारण कागद स्थानिक असतात.

सरकारी पैशाचा प्रवास ठरलेला आहे. आधी घोषणा. मग अर्थसंकल्पात तरतूद. तिथेही अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन आकडे, तीन वेगवेगळ्या वेळी छापले जाणारे. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. मग प्रत्यक्ष निधी वितरण, ठेकेदाराचं देयक, आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. फ्लेक्सवरचा कोटींचा आकडा बहुधा प्रशासकीय मान्यतेचा असतो. त्या दिवशी जिल्ह्यात एक रुपयाही आलेला नसतो. विरोधक वितरणाचा आकडा घेऊन ‘खोटं’ म्हणतात. दोघांच्या हातात सरकारी कागद असतो, पायऱ्या वेगळ्या.

म्हणून एक साधी वही घाला. डावीकडे कामाचं नाव, मग पायरी, रक्कम, कागदाची तारीख आणि कागद कोणी काढला. प्रशासकीय मान्यतेचे शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग, तारीख किंवा संकेतांक टाकून सापडतात. ग्रुपवर आलेल्या निर्णयावरचा संकेतांक तिथे मिळाला नाही तर थांबा, कागद बनावट असण्याची शक्यता मोठी. केंद्राच्या योजनांचे जिल्हावार आकडे लोकसभेतल्या अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नांच्या उत्तरांत अनेकदा असतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल उशिरा येतात, पण खर्च कुठे अडकला ते त्यांच्याइतकं नीट कुठेच मिळत नाही.

एकाच कामाची बेरीज दोनदा झालेली नाही ना, तेही बघा. तोच रस्ता खासदारांच्या पुस्तिकेत, आमदारांच्या पुस्तिकेत आणि पालकमंत्र्यांच्या भाषणात असतो.

कुंभारीजवळच्या रे नगरचं उदाहरण घ्या. 30,000 घरांचा प्रकल्प. पायाभरणी 9 जानेवारी 2019 ला पंतप्रधानांच्या हस्ते, आणि 19 जानेवारी 2024 ला त्यातल्या 15,000 घरांचं लोकार्पण, तेही त्यांच्याच हस्ते. ‘30,000 घरं दिली’ असं कुणी जानेवारी 2024 मध्ये म्हणालं असेल तर ते चूक, ‘30,000 घरांचा प्रकल्प’ म्हणालं असेल तर बरोबर. आता श्रेय कुणाचं? प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात अशा घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये मिळतात, उरलेला भार लाभार्थ्यावर. प्रकल्पाची मागणी आणि पाठपुरावा माकपचे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी आणि यंत्रमाग कामगारांनी वर्षानुवर्षं केला. वाटा तपासता येतो, श्रेय तपासता येत नाही. ‘हे घर अमक्यांनी दिलं’ यावर खरं-खोटं असा शिक्का मारणारा फॅक्ट-चेक हा मुळात अग्रलेख आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज इथे उपयोगी पडतो. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. राज्यातल्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. ‘निधी का आला नाही?’ असं विचारलं तर अर्ज वाया जातो. ‘अमुक कामाच्या प्रशासकीय मान्यतेची, कार्यारंभ आदेशाची आणि आजवर दिलेल्या देयकांची प्रत द्यावी’ असं लिहा. प्रतीचे पानामागे दोन रुपये. उत्तराला 30 दिवस, पहिल्या अपिलाला 20 रुपये. प्रचार साधारण दोन आठवडे चालतो, त्यामुळे प्रचारातल्या दाव्यावर अर्ज टाकला तर उत्तर निकालानंतर येणार. अर्ज आधीच टाकून ठेवावेत. निवडणुकीच्या तोंडावर मात्र आधीच जाहीर असलेल्या कागदांवर भिस्त ठेवावी.

तारीख बघा, दाव्याची आणि फॅक्ट-चेकचीही

सोलापूरच्या विमानतळाचं नूतनीकरणानंतरचं उद्घाटन 29 सप्टेंबर 2024 ला दूरदृश्य प्रणालीने झालं. गोव्याचं विमान उडालं 9 जून 2025 ला. मधल्या आठ महिन्यांत ‘विमानतळ सुरू झालं’ आणि ‘विमानतळ सुरूच नाही’ ही दोन्ही वाक्यं छातीठोकपणे बोलता येत होती. उद्घाटन धरायचं की प्रवासी घेऊन उडालेलं विमान, हे ठरवल्याशिवाय निकाल देता येत नाही. आणि त्या काळातला एखादा ‘खोटं’ असा शिक्का आज फिरवला, तर तो फॅक्ट-चेकच आज दिशाभूल करतो.

भविष्याबद्दलच्या वाक्यांत याहून मोठा खड्डा आहे. ओबामांचं आरोग्य विम्याबद्दलचं आश्वासन होतं की आवडलेली योजना तुम्हाला ठेवता येईल. पॉलिटिफॅक्टने 2008 मध्ये ते ‘खरं’ ठरवलं, पुढे ‘अर्धसत्य’ केलं आणि 2013 मध्ये ‘वर्षातलं सर्वांत मोठं खोटं’ म्हणून निवडलं. आश्वासन हे तपासायचं तथ्यच नव्हतं. ‘दोन वर्षांत रोज पाणी देऊ’ यावर कुणी ‘खरं’ म्हणत असेल किंवा ‘खोटं’, दोघांना बाजूला ठेवा. त्यासाठी मंजुरी आणि निविदा कुठवर आल्या आहेत, एवढंच तपासता येतं.

मतदानयंत्रांचा वादही याच जातीचा. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडी गावाने यंत्रावरच्या निकालावर संशय घेऊन डिसेंबर 2024 मध्ये मतपत्रिकेवर फेरमतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. अशा दाव्यात फॅक्ट-चेकने निदान नमुना 17-सी, म्हणजे केंद्रावर नोंदल्या गेलेल्या मतांचा हिशेब, आणि नमुना 20, म्हणजे केंद्रनिहाय अंतिम निकाल, समोर ठेवले पाहिजेत. ते जुळले तर बेरीज बरोबर आहे एवढं कळतं, यंत्राच्या आतलं काही कळत नाही. याच्या पलीकडे जाऊन ठाम निकाल देणारा फॅक्ट-चेक, कोणत्याही बाजूचा, कमकुवत समजा.

तपासणारा कोण

इंटरनॅशनल फॅक्ट-चेकिंग नेटवर्क ही पॉइंटर या अमेरिकेतल्या पत्रकारिता संस्थेची 2015 पासूनची शाखा. तिच्या संहितेत पाच बांधिलक्या आहेत: पक्षनिरपेक्षता, स्रोत उघड करणं, पैसा आणि संस्थेची रचना उघड करणं, पद्धत उघड करणं, आणि चूक जाहीरपणे दुरुस्त करणं. सही करणाऱ्या संस्थेची बाहेरच्या व्यक्तीकडून तपासणी होते. सही म्हणजे प्रत्येक लेख बरोबर अशी हमी नव्हे. कार्यपद्धती उघडी आहे एवढंच. संस्थेच्या पानावर ‘दुरुस्त्या’ असा विभाग शोधा. तो रिकामा असेल तर कौतुक करू नका, संशय घ्या. रोज तपासणी करणाऱ्याची वर्षभरात एकही चूक होत नाही, हे पटण्यासारखं नाही.

केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं (पीआयबीचं) फॅक्ट-चेक पथक नोव्हेंबर 2019 पासून आहे. बनावट परिपत्रक, नोकरभरतीची खोटी जाहिरात, योजनेच्या नावाने पैसे उकळणारं संकेतस्थळ यांसाठी ते उपयोगी आहे, कारण ‘हे आम्ही काढलेलं नाही’ हे काढणाराच सांगू शकतो. पण सरकारच्या कामगिरीवरची टीका सरकारी पथकाने ‘खोटी’ ठरवली, तर तो एका पक्षकाराचा खुलासा समजून वाचा. केंद्राच्या कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारी पथकाला देणारी 2023 ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केली. हा निकाल वादात सांगण्याजोगा आहे, मात्र त्याचा अर्थ ‘पत्र सूचना कार्यालयाचं सगळं खोटं’ असा होत नाही.

स्रोत मोजतानाही सावध राहा. पाच संस्थांनी तेच म्हटलं आणि पाचांचाही आधार एकाच मंत्र्याचं ट्विट किंवा एकाच प्राध्यापकाचं मत असेल, तर पुरावा एकच आहे.

समोरासमोर वाद घालताना

आपल्याकडे हा वाद बहुधा घरच्या ग्रुपवर, मामा-काकांशीच होतो. ‘तुम्ही खोटं पसरवताय’ म्हणालात की विषय वयावर जातो. त्याऐवजी ‘काका, हे वाक्य कोणत्या सभेतलं आहे, बघून सांगता का?’ असं विचारा. पुढचा प्रश्न, ‘कोणता कागद दाखवला तर तुम्हाला पटेल?’ आणि त्याच वेळी स्वतःसाठीही तो कागद सांगून ठेवा. ‘कुठलाच नाही’ असं उत्तर आलं तर वाद थांबवायला हरकत नाही.

शिक्क्याचं चित्र पुरावा म्हणून घेऊ नका, दुवा मागा. फॅक्ट-चेक संस्थांच्या नावाने बनवलेली खोटी चित्रंही फिरतात. दुवा उघडून मथळा, तारीख आणि निकाल चित्राशी जुळतो का ते बघा आणि पान वेबॅक मशीनवर (पानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) जतन करा, कारण मजकूर नंतर बदलू शकतो.

आणि जी चाळणी विरोधी नेत्याला, तीच आपल्या नेत्याला. सोपी युक्ती म्हणजे नाव झाकून वाक्य वाचायचं. निकाल नावाप्रमाणे फिरत असेल तर घोळ फॅक्ट-चेकमध्ये नाही.

फॅक्ट-चेकमध्येच चूक सापडली तर

संस्थेला मेल लिहा. मेलमध्ये चार गोष्टी पुरतात: लेखाचा दुवा, चुकलेलं वाक्य जसंच्या तसं, त्याविरुद्धचा कागद पान क्रमांकासह, आणि अपेक्षित दुरुस्ती. संस्थेच्या हेतूंबद्दल एक शब्दही नको, नाहीतर उत्तर त्या शब्दालाच मिळतं. उजनीच्या टक्क्यासारखी छेदाची चूक असेल तर आकडेमोड तीन ओळींत करून दाखवा. ठरावीक मुदतीत उत्तर आलं नाही आणि संस्था संहितेवर सही केलेली असेल, तर नेटवर्ककडे तक्रार नेता येते. ती ‘निकाल मान्य नाही’ म्हणून टिकत नाही. ‘स्रोत दिला नाही’ किंवा ‘दुरुस्ती लपवली’ असा संहितेतल्या बांधिलकीचा भंग नाव घेऊन दाखवावा लागतो. दुरुस्ती झाली की जुना आणि नवा, दोन्ही दुवे त्याच ग्रुपवर टाका.